शिदोरी आणि पोवळं

अंदमानहून परत आल्यावर बस्तीत जी भेटली तिनं पहिला प्रश्न एकच विचारला, ‘जेवणाचं काय केलंत?’ समुद्र कसा होता, विमानात भीती वाटली का, सेल्युलर जेल पाहिलं का, हे सगळं नंतर. मला त्याचं हसू आलं नाही. निघायच्या आधी पंधरा दिवस माझ्या आणि धाकट्या जाऊबाईंच्या डोक्यातही तेच होतं. तेव्हा आधी तेच सांगते.

जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या नेल्या, चांगल्या चाळीस. कारळ्याची, जवसाची आणि शेंगांची अशा तीन चटण्या. (शेंगा जमिनीखाली लागतात, मग त्या कशा चालतात, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बाई गं, शेंगदाणा बी आहे, कंद नाही.) मेतकूट, मुगाचे लाडू, धारवाडचा पेढा आणि पाणी गाळायचं कापड. हॉटेलातल्या आचाऱ्याला कांदा, लसूण, बटाटा नको म्हटल्यावर त्यानं रोज मुगाचं वरण, भात आणि कोबी करून दिला. पाच दिवस कोबी. तक्रार नाही.

खरी अडचण सूर्यानं केली. आमच्या हुबळीला जानेवारीत सव्वासहापर्यंत उजेड असतो. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे तिथे सव्वापाच-साडेपाचला सूर्य समुद्रात. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणजे साडेचारला पान मांडायचं. पहिल्या दिवशी विमानतळावरून हॉटेलवर पोचेपर्यंत पावणेपाच झाले. जाऊबाईंनी खोलीचं दार उघडायच्या आधी डबा उघडला आणि पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून भाकरी खाल्ली. ‘अक्का, इथे दुकानं बंद करून घरी येईपर्यंत पुरुषमाणसांचं जेवण कसं व्हायचं?’ असं त्या म्हणाल्या. नेम पाळणाऱ्या बाईला नकाशा असा कळतो.

पण आम्ही तिथे गेलो कशाला, हे सांगायला हवं. सहलीला नाही.

माझी पुतणी, या जाऊबाईंची मुलगी, बी.एस्सी. झाल्यावर कारवारला गेली. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग तिथे कोडीबागला आहे. तिथून एम.एस्सी. केलं. तोवर घरात कुणी फार बोललं नाही, मुलगी शिकतेय एवढंच. मग तिला अंदमानात प्रवाळांच्या अभ्यासाचं एका वर्षाचं काम मिळालं, आणि भावजींनी जेवणाच्या ताटावर सांगितलं, ‘जैनांच्या घरातली मुलगी मासे चिरायला जाणार नाही.’ त्याच आठवड्यात पत्रिका दाखवली गेली, मंगळ निघाला, आणि सहा रतीचं पोवळं सोन्यात मढवून आलं. पुतणीनं अंगठी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि डबीत परत ठेवली. ‘हे मी घालणार नाही’ म्हणाली. मंगळावर विश्वास नाही म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं.

महिनाभर घरात कोणी कोणाशी धड बोलेना. शेवटी मीच भावजींना म्हटलं, ‘मी आणि जाऊबाई जाऊन बघून येतो. तिथे काय करायचं असतं ते डोळ्यांनी पाहू, मग तुम्ही ठरवा.’ ते नाही म्हणाले नाहीत. आमचे हे म्हणाले, ‘तिकिटं मी काढतो.’ अशी आमची स्वारी 2024 च्या जानेवारीत निघाली. हुबळी, बंगळूर, पोर्ट ब्लेअर. (त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गावाचं नाव श्रीविजयपुरम झालं. मी आपली जुन्याच नावानं लिहिते, जिभेवर तेच आहे.)

जायचं होतं ते वंडूरला. पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर. तिथे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 1983 मध्ये झालेलं. पंधरा बेटं आणि मधला समुद्र मिळून 281 चौरस किलोमीटर. उद्यान म्हटल्यावर मला आमच्या उणकलचं तळं आणि त्याच्या कडेची बाग डोळ्यांसमोर आली होती. इथे कुंपण नाही, फाटक नाही, बहुतेक भाग पाण्याखाली. या पंधरांतल्या दोनच बेटांवर आपल्यासारख्यांना नेतात, जॉली बॉय आणि रेड स्किन, तीही आळीपाळीनं. एक उघडं असेल तेव्हा दुसऱ्याला विश्रांती. वनखात्याचा परवाना लागतो, रात्री राहता येत नाही, बेटावर चहाची टपरीसुद्धा नाही.

वंडूरच्या धक्क्यावर पिशव्या तपासतात. प्लॅस्टिक नेता येत नाही. आमच्या चटण्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत होत्या. तिथल्या तरुण वनरक्षकानं त्या बाजूला काढल्या आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी अनामत मागितली. बाटली परत आणून दाखवली की पैसे परत. जाऊबाईंनी न बोलता स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं, तिन्ही चटण्या भाकऱ्यांवर ओतल्या, रिकाम्या पुड्या त्याच्या हातात दिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, ‘आज एवढ्याच वस्तू वापरीन, असा नेम आपण रोज घेतो. यांनी तो सरकारी केलाय.’ मला त्यांचं म्हणणं पटलं. अपरिग्रहावर इतकी व्याख्यानं ऐकली, पण पिशवी उघडून बघणारा कुणी भेटला नव्हता.

तासाभराचा बोटीचा प्रवास. दोन्ही बाजूंनी तिवरांची दाट झाडी, मुळं पाण्यात बोटं रोवल्यासारखी. काही ठिकाणी नुसती वाळलेली खोडं उभी होती. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीच्या वेळी भूकंपानं इथली जमीन खचली, खारं पाणी झाडांत शिरलं ते परत गेलंच नाही. उत्तर अंदमानात उलटं झालं, असं पुतणीनं सांगितलं. तिथली जमीन वर आली आणि प्रवाळ उघड्यावर पडून मेले. एकच धक्का, एका टोकाला झाडं बुडाली, दुसऱ्या टोकाला समुद्रातले जीव कोरडे पडले.

खाडीच्या तोंडाशी मगरींचा इशारा देणारा फलक आहे. खाऱ्या पाण्यातली मगर, माणसालाही सोडत नाही. वंडूरच्या किनाऱ्यावर पोहायची जागा जाळीनं वेढलेली आहे ती तेवढ्यासाठीच. जाऊबाईंनी फलकाला हात जोडले. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, मगर हे पुष्पदंत भगवंतांचं लांछन. कासव मुनिसुव्रतनाथांचं, शंख नेमिनाथांचा. बस्तीत मूर्तीच्या पायाशी कोरलेलं हे सगळं लहानपणापासून पाहिलंय, पण ही जितीजागती माणसं (माणसं म्हणते मी!) कुठे राहतात, काय खातात, याची चौकशी आपण कधी केली नव्हती.

जॉली बॉय लहानसं बेट. पांढरी वाळू, मागे गच्च जंगल, सावलीला थोडे मांडव. तळाला काच बसवलेल्या होडीत आठ-दहा जणांना बसवून फिरवतात. मी काचेवर वाकून बसले आणि अर्धा तास मान वर केली नाही.

काय दिसलं ते सांगायला आमच्या स्वयंपाकघरातलेच शब्द सुचतात. कोबीच्या गड्ड्यासारखे, अक्रोडाच्या गरासारखे, हरणाच्या शिंगासारखे प्रवाळ. हातभर लांबीचा शिंपला, त्याच्या कडेला निळ्या मखमलीची झालर, होडीची सावली पडताच तो मिटला. पोपटाच्या चोचीचे मासे प्रवाळ खरवडत होते. पुतणी म्हणाली, ‘मोठी आई, हे मासे प्रवाळाचा चुरा गिळतात आणि मागून वाळू टाकतात. इथली पांढरी वाळू बरीचशी अशीच झालीय.’ जाऊबाई किनाऱ्यावर त्याच वाळूत फतकल मारून बसल्या होत्या. त्यांना हे सांगितल्यावर त्या उठल्या, पदर झटकला, थोडा विचार केला आणि पुन्हा बसल्या.

मधे मधे पांढरे, राखाडी पट्टे होते. मोडकं भांडं टाकून द्यावं तसे ढीग. 1998 मध्ये आणि पुन्हा 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापलं, त्या वेळी इथले पुष्कळ प्रवाळ गेले. पुतणीनं समजावून सांगितलं ते असं. प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. ती इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे धागे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, उन्हात अन्न तयार करतं, यजमानाला देतं, आणि रंगही त्याचाच. पाणी फार दिवस तापलं की प्राणी त्या शेवाळाला बाहेर काढतो. रंग जातो, अन्न तुटतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, नाही तर उपासमार. मोठा गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे परातीएवढा प्रवाळ माझ्याहून म्हातारा नसला तरी जाऊबाईंच्या मुलीहून नक्कीच मोठा.

‘आणि तू दिलेल्या अंगठीतलं लाल पोवळं,’ ती आईला म्हणाली, ‘ते इथलं नाही, वेगळ्या जातीचं आहे, भूमध्य समुद्रातून येतं. पण तेही असंच. ते त्यांचं हाड आहे, आई. म्हणून घालत नाही मी.’

जाऊबाई गप्प झाल्या. त्यांच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्याही, पोवळ्यांची माळ त्यांच्या कपाटात आहे. रेशमी लुगड्यावर घालायची.

यावर नंतर आमच्या स्वाध्यायात बराच वाद झाला, तो इथेच सांगून टाकते. मूलाचारात पृथ्वीकायिक जीवांचे छत्तीस प्रकार दिलेत, मीठ, तांबं, अभ्रक वगैरे. त्यात प्रवाळही आहे. म्हणजे एकेंद्रिय. एक आजोबा म्हणाले, ‘ग्रंथात एकेंद्रिय म्हटलंय आणि तुमची मुलगी तोंड असलेला प्राणी म्हणते. आम्ही कुणाचं ऐकायचं?’ मी एवढंच म्हटलं, की सगळं जग त्याला निर्जीव खडा म्हणत होतं तेव्हा आपल्या आचार्यांनी त्यात जीव आहे असं लिहून ठेवलं. आता भांडण फक्त इंद्रियं किती एवढ्यावरच उरलंय ना? युरोपातसुद्धा अठराव्या शतकापर्यंत विद्वान प्रवाळाला वनस्पतीच मानत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं तो प्राणी आहे असं सांगितलं तेव्हा तिथल्या पंडितांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं होतं. आजोबा हसले. पटलं की नाही ते कळलं नाही.

तर जॉली बॉय. दुपारी मांडवात भाकरी खाताना पुतणी तिच्या छोट्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवत होती. ती मार्गदर्शकाबरोबर तोंडाला नळी लावून पाण्यात उतरली होती. एक मोठा ठिपकेदार मासा प्रवाळाजवळ थबकला आणि त्यानं जबडा उघडला. बोटाएवढा एक निळा मासा, अंगावर काळा पट्टा, सरळ त्या जबड्यात शिरला. जाऊबाई म्हणाल्या, ‘गेला!’ तो गेला नाही. आत इकडेतिकडे टोचत फिरला आणि कल्ल्यातून बाहेर आला. मग दुसरा गेला. मोठा मासा हलला नाही. ते लहान मासे त्याच्या तोंडातले किडे खातात, म्हणून तो त्यांना खात नाही. इतर मासे तिथे येऊन आपली पाळी येईपर्यंत थांबतात, असं पुतणी म्हणाली.

जाऊबाईंनी भाकरी खाली ठेवली. ‘अगं, ही तंदुल मत्स्याची गोष्ट.’

आपल्यातल्या पुष्कळजणींना ती ठाऊक असेल. स्वयंभूरमण समुद्रात एक महामत्स्य. तो जबडा उघडून झोपला की शेकडो मासे आत-बाहेर करतात. त्याच्या कानात तांदळाएवढा एक मासा राहतो. तो मनात म्हणतो, ‘काय हा मूर्ख! मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं.’ तोंडात एक जीव घालायची त्याची ताकद नाही, तरी नुसत्या त्या विचारानं तो सातव्या नरकात जातो. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला त्या चिमुकल्या माशाची कीव यायची.

जाऊबाईंनी चित्रण तीनदा पाहिलं. मग मुलीला सरळ विचारलं, ‘तुला मारावे लागतील का? खरं सांग.’

पुतणी लगेच बोलली नाही. मला वाटलं, ही आता गोड बोलून वेळ मारून नेईल. ती म्हणाली, ‘बहुतेक मोजायचं असतं, आई. दोरी टाकून, फोटो काढून, कुठला प्रवाळ जगला, कुठला गेला. कधी तुकडा काढावा लागतो, नखाएवढा. तो जिवंत असतो. मासे मी मारणार नाही, असं मी त्यांना लिहून कळवलंय, त्यांनी मान्य केलंय. पण माझ्या हातून काहीच मरणार नाही असं मी म्हणणार नाही.’

समोर समुद्र इतका निळा, आणि आम्ही तिघी खाली बघत बसलेल्या. दोन वाजता परतीची शिट्टी झाली. उठताना जाऊबाईंनी वाळूतला एक पांढरा तुकडा उचलला होता, मेलेल्या प्रवाळाचा, नक्षीदार. वनरक्षक म्हणाला, ‘अम्मा, वापस रख दीजिए.’ बेटावरचं काहीही न्यायचं नाही, मेलेलंसुद्धा. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं पहिल्या परिशिष्टात घातलंय, विमानतळावरही सामान बघतात. त्यांनी तो जिथून घेतला तिथेच नेऊन ठेवला. न दिलेलं घेऊ नये, हे त्यांना कायद्यानं शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी रॉस बेट पाहिलं, 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांना वडा-पिंपळांची मुळं कवटाळून बसलीत आणि त्यातून चितळं फिरतात, अगदी हातातलं खातात. आम्ही दोघी हरखलो. पुतणीचा चेहरा आंबट. ही हरणं इथली नाहीत, इंग्रजांनी शिकारीच्या हौसेनं आणली. अंदमानात वाघ-बिबट्या नाही, तेव्हा ती वाढली, पोहत दुसऱ्या बेटांवर गेली, रोपं खातात, जंगलात नवी झाडं उभी राहू देत नाहीत. आम्हाला मुरुडेश्वर जवळ. तिथून 19 किलोमीटरवर समुद्रात नेत्राणी बेट आहे, पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडांचं घर. तिथे मच्छीमार नवसाचे बकरे नेऊन सोडतात आणि ते रानटी होऊन राहतात. बकरी ईदच्या आधी बाजारातून बकरे सोडवून आणणाऱ्या आमच्या लोकांना हे बेट म्हणजे अभयारण्यच वाटेल. पण त्या बकऱ्यांनी झुडपं संपवली तर तिथल्या बाकीच्या जीवांनी काय करायचं? मी पुतणीला विचारलं, ‘मग हरणांचं काय करावं म्हणतेस?’ ती म्हणाली, ‘मला माहीत नाही, मोठी आई. मारा म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.’ तेवढ्यात एक पाडस जाऊबाईंच्या पदराला लागलं आणि त्यांनी त्याला उरलेली भाकरी दिली. पुतणीनं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर भावजींपुढे बसायचं काम माझ्यावर आलं. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, नखाएवढ्या तुकड्यासकट. ते म्हणाले, ‘म्हणजे हिंसा आहेच.’ मी म्हटलं, ‘आहे. भावजी, आपल्या दुकानात इरकलीचे पदर रेशमाचे आहेत. एका साडीला हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात. त्यावर या घरातली चार लग्नं झाली, माझ्या मुलांची शिक्षणं झाली. मी त्या पैशाचं जेवले, अजून जेवते. तो किडा मरतो त्यातून साडी होते. ही नखाएवढा तुकडा काढणार, तो बाकीचे कसे वाचतील हे बघायला.’ दुर्गदबैलमधलं दुकान त्यांच्या आजोबांचं. मी पंचवीस वर्षांत त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते उठून गेले.

आठ दिवसांनी त्यांनी मला ओट्यावर गाठलं. ‘एक वर्ष जाऊ दे तिला. पण वहिनी, दुकानातलं रेशीम मला बंद करता येणार नाही.’

‘मी तसं म्हटलं नाही, भावजी.’

‘तुम्ही म्हटलं नाही, पण ही म्हणाली.’ त्यांनी आत मान वळवली. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी त्या दिवसापासून बस्तीत सुती नेसून यायला सुरुवात केली होती. अंगठी सोनाराकडे परत गेली, सोनं वजनावर घेतलं, खड्याचे पैसे त्यानं फार कापले. सासूबाईंची माळ कपाटातच आहे. ती कुणी घालत नाही आणि टाकवतही नाही.

पुतणी मार्चमध्ये गेली. मे महिन्यात एका रात्री तिचा फोन आला, आवाज थकलेला. जगभर समुद्र तापलेत, एप्रिलमध्येच शास्त्रज्ञांनी सगळीकडचे प्रवाळ पांढरे पडताहेत असं जाहीर केलंय, इथेही पाणी कोमट लागतं, काही ठिकाणी रंग उतरायला लागलेत, असं ती सांगत होती. फोन मोठ्या आवाजावर होता. भावजी पेपर वाचत बसले होते.

जाऊबाईंनी विचारलं, ‘पांढरे झाले म्हणजे मेले का गं?’

‘नाही. अजून जिवंत आहेत. पाऊस वेळेवर आला, पाणी निवलं, तर रंग परत येईल. दोन-तीन आठवडे बघायचं.’

भावजींनी पेपर खाली केला. ‘मान्सून तिथे आधी पोचतो ना? तारीख काय दिलीय?’